टेकडीवरची वाटणी

फेब्रुवारीतल्या एका सकाळी डब्लिनमध्ये, सँडीफोर्डच्या स्टॉपवर ल्युअस ट्राममधून उतरत होतो आणि शिरीषचा फोन आला. शिरीष, माधवीताईचा नवरा, हा एरवी मेसेज करणारा माणूस. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हाच काय ते कळलं. "अभय, माधवी गेली. पहाटे. फार त्रास नाही झाला," एवढंच तो म्हणाला. हातात कॉफीचे कप घेतलेली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी ऑफिसकडे चालली होती. मी त्यांच्या मुलीबद्दल विचारलं, "ईशा?" तो म्हणाला, "आहे इथेच. चहा करतेय." मग म्हणाला, "पॉरिकला तू कळवतोस का? मला आत्ता इंग्रजीत सांगायला जमणार नाही."

पॉरिक हा माधवीताईचा साहेब. आयर्लंडच्या वायव्येला, स्लायगोच्या आसपासच्या खेड्यांमध्ये, जिथे जमिनीतून केबल नेणं कुणाला परवडत नाही तिथे, घरोघरी बिनतारी इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्याशा कंपनीचा मालक. मी फोन केला तेव्हा तो कुठल्यातरी घराच्या छपरावर होता, वारा ऐकू येत होता. "आह, नो," तो म्हणाला. "आह नो, नो." मग म्हणाला, "थांब, मी आधी खाली उतरतो." शिडीवरच्या त्याच्या बुटांचा आवाज मी ऐकत राहिलो. खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, शिरीषकडे आत्ता कुणी आहे का, नसेल तर मी जातो... आणि तो तसाच, कामाच्या कपड्यांत, तिच्या घरी गेला.

माधवी घाटे हे नाव डब्लिनच्या मराठी मंडळींत फारसं कुणाला ठाऊक नसेल. गणपतीला ती एखाद्या वर्षी यायची, जेवायची, ओळखीच्या दोनचार जणांशी बोलायची आणि स्लायगोची गाडी गाठायला लवकर निघायची. ती नागपूरची. तिकडे एका मोबाइल कंपनीत होती. जीपमधून विदर्भ पालथा घालून कुठे टॉवर उभा केला तर कुठल्या गावात आवाज पोचेल, हे ठरवायचं तिचं काम. २०१४ मध्ये शिरीषला स्लायगोजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि हे तिघं इकडे आले. ईशा तेव्हा प्राथमिक शाळेत. माधवीताईच्या हाताला मात्र काम नव्हतं. "मी भांड्यांना सिग्नल स्ट्रेंग्थ विचारायला लागले होते," असं ती त्या दिवसांबद्दल म्हणायची.

नोकरी लागली ती तक्रार करता करता. त्यांच्या भाड्याच्या घरातलं इंटरनेट उन्हाळ्यात रडतखडत चालायला लागलं. तिनं कंपनीला फोन केला, तर स्वतः पॉरिक आला आणि राउटर बदलू लागला. माधवीताई म्हणाली, राउटरला हात लावू नका, मार्चमध्ये सगळं व्यवस्थित होतं; मार्चनंतर इथे बदललंय काय, तर समोरच्या झाडाला पानं आली आहेत आणि तुमचा अँटेना नेमका त्या झाडातून बघतोय. ओली पानं सिग्नल पितात. पॉरिकनं झाडाकडे बघितलं, अँटेनाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. अँटेना धुराड्याच्या दुसऱ्या अंगाला लावला. जाताना दारात थांबून विचारलं, "तू स्वतः काय करतेस?" सध्या काही नाही, असं ती म्हणाली. "मग सोमवारी येशील का?" एका पडद्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचं ऑफिस होतं. ती गेली, आणि तिथलीच झाली.

आमची ओळख झाली ती भांडणातून. मी ज्या कंपनीत होतो तीही हाच धंदा करायची, पण मोठ्या प्रमाणावर. ऑफिस सँडीफोर्डला आणि अँटेनाचे खांब, म्हणजे मास्ट, देशभर. ज्या लहरींवर आमचं काम चालायचं त्या पट्ट्याची गंमत थोडी सांगायला हवी. मोबाइल कंपन्या लिलावात लहरी विकत घेतात आणि मग त्या फक्त त्यांच्या. आमचा पट्टा तसा नव्हता. नियामकाकडे जायचं, आपला मास्ट कुठे आहे, तोंड कुठल्या दिशेला, ताकद किती, हे नोंदवायचं आणि कामाला लागायचं. हलकं लायसन्स. पण नोंदणी केली म्हणून जागा तुमची होत नाही. उद्या शेजारच्या खांबावर दुसरा कुणी आला तर तोही नोंदणी करणार, आणि एकमेकांचा त्रास झाला तर आधी आपापसात मिटवा, असंच सगळ्यांना सांगितलेलं. सार्वजनिक नळासारखं. पाणी सगळ्यांचं, रांगेचं तुम्ही बघा.

स्लायगो आणि लीट्रिमच्या सीमेवरच्या एका टेकडीवर आमचा मास्ट होता आणि हाकेच्या अंतरावर पॉरिकचा. २०१५ च्या जानेवारीअखेर आमच्या तिथल्या ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या. संध्याकाळ झाली की सगळं अडकायचं. आम्ही यंत्रावर बघितलं तर आमच्या जागेत, म्हणजे आमच्या लहरींवर, पॉरिकची यंत्रं बसलेली. मी ईमेल पाठवली. उत्तर आलं की उलट तुम्हीच आमच्या जागेत आहात. खाली नाव नाही, नुसतंच 'नेटवर्क टीम'. आठवडाभर मी त्या टीमशी भांडत होतो. शेवटी मी फोन लावला. पलीकडून एक बाई अतिशय सभ्य इंग्रजीत बोलत होत्या. मी त्यांना थांबायला सांगून आमची नोंद उघडत बसलो, त्याला वेळ लागला, आणि पलीकडून, फोन बाजूला धरून स्वतःशीच बोलावं तसं, ऐकू आलं, "काय करून राहिला हा माणूस!"

मी पुण्याचा, पण इंजिनिअरिंगला माझा रूममेट नागपूरचा होता. म्हटलं, "नोंद तपासून राहिलोय, मॅडम."

ती इतक्या जोरात हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अन् मी काल तुम्हाला काय काय म्हटलं इथे बसून," ती म्हणाली. "तुमची टीम मोठी आहे का?" मी विचारलं. "टीम म्हणजे मीच. पॉरिक म्हणतो, टीम लिहिलं की लोक घाबरतात." भांडण काही त्या दिवशी मिटलं नाही, पण रोज फोन व्हायला लागले. पहिले काही महिने मी अहो-जाहो करत होतो. एकदा तीच वैतागून म्हणाली, "बस कर रे, मला सासरी असल्यासारखं वाटते." तेव्हापासून माधवीताई.

मे महिन्यात त्रास आपोआप थांबला आणि आम्ही दोघंही आपापल्या वरिष्ठांना सांगून मोकळे झालो की समोरच्यांनी ऐकलं. पुढच्या वर्षी, जानेवारी संपता संपता, तो पुन्हा सुरू झाला. या वेळी प्रकरण हातघाईवर आलं. डेक्लन हा माझा मॅनेजर, शांत माणूस, पण त्या टेकडीचं नाव काढलं की त्याचा चेहरा बदलायचा. तो नियामकाकडे रीतसर तक्रार करायला निघाला. तिकडे पॉरिकचे ग्राहक सोडून जाऊ लागले होते, आणि लहान कंपनीला ते झेपणारं नव्हतं. त्याला कुणीतरी युक्ती सुचवली: टेकडीवर अजून चारदोन मास्ट आपल्या नावानं नोंदवून टाक, उभे नंतर कर किंवा करूच नको, कागदावर सगळ्या जागा भरलेल्या दिसल्या की मोठी कंपनी विचार करील. त्यानं माधवीताईला त्या नोंदी करायला सांगितलं. ती म्हणाली, मास्ट उभा कर, मी त्याच दिवशी नोंदवते. जिथे काही नाही तिथे मी काही लिहिणार नाही. पॉरिक चिडला. ही माझी कंपनी आहे, असं म्हणाला. ती म्हणाली, कंपनी तुझी आहे, नोंदणी सगळ्यांची आहे. तीच जर खोटी झाली तर उद्या भांडायला तरी कशाच्या आधारावर भांडणार? आठवडाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या आठवड्यात ती रोज घरी जाऊन शिरीषला म्हणायची, बहुतेक नोकरी गेली. शिरीष म्हणायचा, जाऊ दे. "पण जाऊ दे म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक व्हायचा ना..." ती हसून सांगायची.

त्या अबोल्यातच तिला उत्तर सापडलं. कुणाचंही काहीही बिघडलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "कधीपासून?" का बिघडलं हे ती नंतर विचारायची. तिनं दोन्ही वर्षांच्या तक्रारी शेजारी ठेवल्या आणि पॉरिकला, आठवड्यातलं पहिलं धड वाक्य म्हणून, विचारलं, "इथे जानेवारीअखेर सुरू होऊन मे महिन्यात संपतं, असं काय आहे?" पॉरिक जॅकेट घालत होता. वर न बघता म्हणाला, "काव्हिंग." गाई वितात. त्या भागात बहुतेक सगळ्यांच्या गाई याच दिवसांत वितात. पुढे तोच स्वतः थांबला आणि जॅकेटची एक बाही तशीच लोंबती ठेवून म्हणाला, "आह, फॉर... गोठ्यातले कॅमेरे!"

मी शनिवारी गाडी घेऊन स्लायगोला गेलो. डेक्लनला विचारलं नव्हतं. माधवीताईकडे लहरी मोजायचं, हातात धरायचं यंत्र आणि जेवणाच्या ताटाएवढा एक अँटेना होता. बारीक पावसात आम्ही दोघं टेकडीखालच्या रस्त्यानं, तो अँटेना चहूकडे फिरवत, चालत राहिलो. मी छत्री धरली होती ती यंत्रावर. ती आपली भिजत होती आणि बोलत होती. ईशाला म्हणे मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच येतं, तेही इतकं इथल्या धाटणीचं, 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक आहे' वगैरे, की शिरीषला दोनदा विचारावं लागतं. एका वळणावर ती बोलायची थांबली. पडद्यावरची रेघ वर चढली होती. अजून थोडं पुढे गेलो तर पत्र्याच्या एका गोठ्याशी ती रेघ पडद्याबाहेर जायला आली.

गोठ्यातून सत्तरीच्या पुढची एक बाई गमबूट घालून बाहेर आली आणि तिनं विचारलं, "तुम्ही डिपार्टमेंटची माणसं का?" डिपार्टमेंट म्हणजे शेतीखातं, तिथले इन्स्पेक्टर असेच न सांगता येतात. नोरा तिचं नाव. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलं परदेशी. गोठ्यात एक कॅमेरा होता आणि त्याचं चित्र हवेतून घरातल्या टीव्हीवर जायचं, म्हणजे विणाऱ्या गाईकडे पलंगावरून लक्ष ठेवता येतं. असे कॅमेरे तिकडे घरोघर असतात आणि कुणाला त्यांचा त्रास नसतो. हा मात्र कुणीतरी बाहेरून आणून दिलेला, भलत्याच ताकदीचा. नोरा तो हंगामात सुरू करायची आणि गाई विऊन झाल्या की काढून ठेवायची. टेकडीवरच्या आमच्या यंत्रांना तो गोंगाट ऐकू गेला की ती शेजारच्या जागेत, म्हणजे बाजूच्या लहरींवर, सरकायची, तिथे पॉरिकची यंत्रं असायची, मग ती सरकायची ती आमच्या जागेत. दोन वर्षं आम्ही एकमेकांवर केलेले आरोप अगदी खरे होते. फक्त सुरुवात आमच्यापैकी कुणीच केली नव्हती.

नोरानं आम्हाला स्वयंपाकघरात नेलं, चहा दिला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं की कॅमेरा बंद होणार नाही. कॅमेरा येण्याच्या आदल्या वर्षी तिला झोप लागली होती आणि गाय आणि वासरू दोन्ही गेली होती. "तुम्ही तुमचं इंटरनेट बंद करा की," ती म्हणाली. मला हसू आलं. माधवीताईला आलं नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे. आम्ही काहीतरी करतो."

डेक्लनला हे कळलं तेव्हा त्याच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. कॅमेरा नियमाबाहेरचा आहे, नियामकाला पत्ता कळवायचा, ते येऊन घेऊन जातील. कायद्यानं तो चुकत नव्हता. माझ्यासमोर, माझ्याच टेबलावरच्या फोनवर, माधवीताई त्याच्याशी बोलली. ती म्हणाली, कॅमेरा नेला तर तुमच्या तक्रारी थांबतील, पण त्या बाईंच्या गाई थांबणार नाहीत. मला येत्या शनिवारपर्यंत वेळ द्या. गोठ्यापासून घरापर्यंत मी केबल टाकते. मग हवेतून काहीच जाणार नाही. डेक्लननं विचारलं, केबल टाकणार कोण? "अर्धी माणसं पॉरिकची," ती म्हणाली, "अर्धी तुमची." डेक्लननं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "हिला तू ओळखतोस का?" मी म्हटलं, हो. "शनिवारी मीही येतो," तो म्हणाला. मदत करायला नव्हे, बघायला.

त्या शनिवारी जी माणसं दोन वर्षं एकमेकांना टेकडीवर टाळत होती ती एका चिखलाच्या अंगणात चर खणत होती. पॉरिक आणि डेक्लन यांनी एकमेकांना नमस्कारादाखल फक्त मान हलवली. डेक्लन ऑफिसच्या बुटांत आला होता. नोरानं त्याला नवऱ्याचे गमबूट काढून दिले आणि ते त्याला बरोब्बर बसले. केबल टाकून झाली, माधवीताईनं जोडणी केली, आणि स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर पहिल्यांदा इतकं स्वच्छ चित्र आलं की नोरा किटली हातात धरूनच बघत राहिली. चित्रात एक गाय आडवी पडली होती. नोरानं किटली ठेवली. "ते पाय मागचे आहेत," ती म्हणाली आणि पळत सुटली. वासरू उलटं येत होतं.

पुढचं मी गोठ्याच्या दारातून बघितलं. डेक्लन मला माहीत होता तो स्प्रेडशीटवाला डेक्लन. तो कॅव्हनकडच्या शेतावर वाढला होता हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं कोट माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या, नोराकडून दोर घेतले आणि वासराच्या पायांना बांधले. एक दोर त्यानं धरला, दुसरा पॉरिककडे दिला. "मी सांगीन तेव्हाच ओढ," तो म्हणाला. "आत्ता नाही... आत्ता नाही... हं!" वासरू बाहेर पडलं तेव्हा ते मेलेलंच वाटलं. नोरानं त्याच्या नाकात गवताची काडी घातली, पाठ चोळली, आणि ते शिंकलं. मी मागे बघितलं तर माधवीताई भिंतीकडे तोंड करून उभी. "झालं का?" तिनं विचारलं. "माझं काम सिग्नलपर्यंत असते बापा."

नंतर स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत हात धुऊन, नोराचा पाव खाताना डेक्लन पॉरिकला म्हणाला, "त्या टेकडीवर तुला नेमकी कुठली जागा हवी आहे?" पॉरिक म्हणाला, "तिला विचार." आणि तिच्याकडे उत्तर तयार होतं.

दोन्ही कंपन्यांनी पट्टा वाटून घ्यायचा, हा त्यातला सोपा भाग होता. माधवीताईचा खरा आग्रह दुसराच होता. बिनतारी यंत्रं आळीपाळीनं बोलतात आणि ऐकतात. शेजारचा बोलत असताना तुम्ही ऐकायला बसलात तर तुम्हाला त्याचाच आवाज ऐकू येणार. तिचं म्हणणं, दोन्ही मास्टची घड्याळं उपग्रहाच्या वेळेला लावा. बोलायचं तेव्हा सगळ्यांनी एकदम बोलायचं, ऐकायचं तेव्हा सगळ्यांनी एकदम गप्प. "शाळेत पाढे म्हणतात तसं," ती मला म्हणाली. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. अवघड होतं ते हे, की त्यासाठी आपण आपलं जाळं कसं चालवतो हे प्रतिस्पर्ध्याला उघड सांगावं लागतं. त्याला वर्ष लागलं. त्या वर्षभराच्या बैठका तिनं आपल्या घरी घेतल्या, कारण पॉरिकच्या ऑफिसात आमची माणसं यायला तयार नव्हती आणि आमच्या ऑफिसात पॉरिक. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आधी खायचं आणि मग नकाशा. तिखट कमी घातलेलं आहे असं ती सांगायची आणि ते कधीच खरं नसायचं. पॉरिकला घाम फुटायचा, पण तो दोनदा घ्यायचा. २०१७ च्या उन्हाळ्यात दोन्ही मास्ट एका घड्याळावर चालायला लागले, आणि टेकडीबद्दलचे फोन बंद झाले. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. मग मी कारण नसताना फोन करायचो.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. वय, थंडी, गाडीतून हिंडणं... तिनं स्वतःला पटतील ती सगळी कारणं देऊन झाली. २०१८ मध्ये निदान झालं तेव्हा आजार पुढे गेलेला होता. स्लायगोच्या रुग्णालयात मी तिला पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं माहिताय? कधीपासून. अन् मला सांगताच येईना." ती हसली नाही. माणसं आजारपणात कशी धीरानं वागली हे अशा लेखांत लिहायची पद्धत आहे, पण माधवीताईनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "मला खूप राग आलाय रे. येणारे सगळे म्हणतात, तू किती स्ट्राँग. मला नाही राहायचं स्ट्राँग." खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती, ती बघत बसलो. मग तीच म्हणाली, "नोराचं काय चाललंय?" मी म्हटलं, या वर्षीची सगळी वासरं जगली. "तुला कसं माहीत?" "पॉरिकनं सांगितलं. डेक्लन तिला फोन करतो म्हणे." यावर मात्र ती हसली, आणि हसताना दुखलं म्हणून हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं.

स्लायगोला दहनाची सोय नाही, म्हणून अंत्यसंस्कार डब्लिनला झाले. शिरीषला वाटलं होतं, कामाचा दिवस आहे, दहापंधरा माणसं असतील. प्रत्यक्षात बाहेर रांग लागली. मास्टवर चढणारे दोन्ही कंपन्यांचे लोक, तिनं ज्यांच्या घरांचे अँटेना फिरवले होते अशी म्हातारी जोडपी, शिरीषच्या कारखान्यातले सहकारी, आमची मराठी मंडळी. एकेक जण पुढे यायचा, शिरीषचा आणि ईशाचा हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचा आणि पुढे जायचा. इकडची हीच रीत आहे, कुणी जास्त बोलत नाही. नोरा डेक्लनच्या गाडीतून आली होती. तिनं ईशाचा हात इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

नोंदणीत प्रत्येक मास्टच्या पुढे एका माणसाचं नाव आणि फोन नंबर असतो. काही त्रास झाला, काही विचारायचं असलं, तर त्या माणसाला फोन करायचा. त्या टेकडीवरच्या दोन्ही मास्टसाठी, आमच्यासुद्धा, नाव माधवीताईचं होतं. तसं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आता ते बदललं आहे, पॉरिकचं नाव लावलं आहे. पण ते बदलायच्या आधी एक गोष्ट झाली, ती सांगून थांबतो.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत शिरीषचा मला फोन आला. म्हणाला, माधवीचा फोन मी चार्ज करून ठेवतो, का ते विचारू नको, आणि आज तो वाजला. रॉसकॉमनकडची एक नवी कंपनी. त्यांना त्या टेकडीवर तिसरा मास्ट उभा करायचा आहे. नोंदणीत नाव बघितलं म्हणून फोन केला, असं तो माणूस म्हणत होता. "मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं. शिरीष म्हणाला, "मला त्यातलं काय कळतंय? मी म्हटलं, शनिवारी घरी या. तू येशील ना? पॉरिकला सांगितलंय. डेक्लनला तू सांग."

शनिवारी आम्ही गेलो. शिरीषनं पोहे केले होते, हळद जरा जास्तच झाली होती. टेबलावरचा नकाशा पॉरिक घेऊन आला होता, पण तो गुंडाळलेलाच होता. ईशा आता आईएवढी उंच झाली आहे. ती कपाटातून बशा काढत होती. बेल वाजली. आलेला माणूस तरुण होता, हातात लॅपटॉप, अंगात नवं कोरं जॅकेट. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले, नावं ऐकून घेतली, आणि मग मोठ्या नम्रपणे विचारलं, "अँड इज माधवी जॉइनिंग अस?"

शिरीषनं त्याला फोनवर सांगितलंच नव्हतं. पॉरिकनं माझ्याकडे बघितलं, मी डेक्लनकडे. शिरीषनं बोलायला तोंड उघडलं आणि त्याला ते जमेना.

"शी'ज नॉट," ईशा म्हणाली. "माय मम डाइड लास्ट मंथ. बट सिट डाउन, यू'र ग्रँड. यू हॅव टू ईट फर्स्ट."

त्या माणसाचा चेहरा लाल झाला. तो उभाच राहिला. मग ईशानं खुर्ची मागे ओढली, तसा तो बसला. शिरीषनं त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. त्यानं पहिला घास घेतला, त्याला ठसका लागला, आणि पॉरिक त्याच्यासाठी पाणी आणायला उठला.